मांडीच्या हाडाची ‘मान’ : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग



ताळेबंद व जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर आरोग्यविषयक एखादा अभ्यासलेख वार्षिक अहवालात असावा, अशी आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. हे लेख बहुधा आमचे डॉक्टर लिहितात. या वेळी ते काम व्यवस्थापन विभागाने मागून घेतले. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर; शरीरशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि ज्या शब्दाविषयी येथे लिहावयाचे आहे, तो अडला आमच्याच खिडकीवर, जेथे रुग्णाच्या नातेवाइकांच्या हाती कागद पडतो. त्यामुळे त्याचा अभ्यास करण्याची जबाबदारीही आमचीच आहे, असे आम्हांस वाटले. लेखातील वैद्यकीय भाग आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून दिला आहे.

निमित्त

भातलावणीचे दिवस होते. धरणापलीकडील एका वाडीतील एक वृद्ध माता खाचराच्या बांधावरून पाय घसरून कुशीवर पडल्या. ज्यांनी संसारासाठी आयुष्यभर हाडाची काडे केली, त्या पिढीतील या आजी. दुखणे अंगावर काढून दुसऱ्या दिवशी त्या सुनेच्या आधाराने चालत आमच्या बाह्यरुग्ण विभागात आल्या. तक्रार गुडघ्याची होती. डॉक्टरांनी पाय हळूच फिरवून पाहिला, खुब्याचा एक्स-रे काढविला आणि निदान केले. भरती होण्याचा सल्ला दिला. घरच्या कर्त्या माणसांना विचारून उद्या सकाळी येतो, असे सूनबाई म्हणाल्या. पाय टेकवू नका, असे त्यांना बजावण्यात आले आणि हाती केसपेपर देण्यात आला.

त्या कागदावर एक जाळीसारखी खूण होती व तीपुढे इंग्रजीत तीन अक्षरे होती. ती खूण म्हणजे फ्रॅक्चर आणि ती अक्षरे म्हणजे ‘नेक ऑफ फीमर’, हे आमच्या परिचारिकांनाही ठाऊक असते. घरी मात्र तो कागद कोणास लागेना. तालुक्यातील एका ओळखीच्या माणसाला फोनवरून अक्षरे वाचून दाखविली. ‘नेक म्हणजे मान, मानेचे फ्रॅक्चर आहे,’ असा त्याने खुलासा केला. घरच्यांनी मानेचा पट्टा आणून आजींच्या गळ्यात बांधला. पायाला तेल लावून शेक दिला. आजी भिंतीला धरून मोरीपर्यंत चालत राहिल्या. सहाव्या दिवशी पाय उचलता येईना, तेव्हा त्यांना जीपमध्ये निजवून आणले. पाय आखूड झाला होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूस वळले होते.

शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी थोरल्या मुलाने आम्हांस विचारले, “साहेब, आईची मान तर चांगली हलतीये. मग मानेचं ऑपरेशन पायात कशासाठी?”

या प्रश्नाला त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. कुटुंबाच्या संमतीने, नाव-गाव न देता, हा प्रसंग येथे नमूद करीत आहोत. चूक त्या कुटुंबाची नव्हती. कागद आमचा होता.

हाड एक, नावे तीन

मांडीत एकच हाड असते. शरीरातील ते सर्वांत लांब व सर्वांत बळकट हाड होय. त्याची लांबी माणसाच्या उंचीच्या सुमारे एक चतुर्थांश भरते. त्याचे ‘फीमर’ हे नाव लॅटिन असून त्या भाषेत त्याचा अर्थ मांडी असाच आहे. संस्कृतात मांडीला ‘ऊरु’ म्हणतात. म्हणून परिभाषेच्या पुस्तकांत ‘ऊर्वस्थी’ असा शब्द येतो. आपण घरात ‘मांडीचे हाड’ म्हणतो. तिन्ही शब्दांचा अर्थ अक्षरशः एकच आहे.

या हाडाचे वरचे टोक मात्र सरळ नाही. तेथे चेंडूसारखा गोल भाग असतो. त्याला हाडाचे ‘डोके’ म्हणतात. हे डोके कमरेच्या हाडातील खोलगट जागेत बसते व फिरते. शाळेच्या पुस्तकातील ‘उखळीचा सांधा’ तो हाच, आणि आपण ज्याला ‘खुबा’ म्हणतो तोही हाच. डोक्याच्या खाली हाड निमुळते होते आणि तिरपे उतरत मांडीच्या मुख्य दांड्याला मिळते. हा निमुळता, तिरपा भाग म्हणजेच ‘मान’. ज्या ठिकाणी मान दांड्याला मिळते तेथे दोन उंचवटे असतात. त्यांपैकी मोठा उंचवटा आपल्या हाताला लागतो. कुशीवर निजले असता अंथरुणाला टेकते ते हाड हेच.

डोक्याखालचा निमुळता भाग म्हणून मान, इतका हा शब्द सोपा आहे. माठाला गळा असतो, सुरईला मान असते, डोंगराला माथा असतो. त्याच रीतीने हाडाला डोके आणि मान आहे. दंडाच्या हाडालाही डोके व मान असतात. अडचण शब्दाच्या अर्थात नाही. ‘मान’ हा शब्द कोणत्या हाडाची मान हे न सांगता एकटाच उच्चारला गेला की अनर्थ होतो.

हीच गत ‘सर्व्हायकल’ या शब्दाची आहे. लॅटिनमध्ये ‘सर्व्हिक्स’ म्हणजे मान. त्यामुळे मानेच्या मणक्यांच्या विकारालाही ‘सर्व्हायकल’ म्हणतात आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगालाही. एकाच घरातील दोन स्त्रियांच्या कागदांवर हा शब्द असला, तर त्यांचे आजार एकच आहेत असे मुळीच नव्हे.

नावे ठेवण्याची जुनी रीत

हाडांना त्यांच्या आकारावरून नावे देण्याची रीत आपल्याकडे फार पुरातन आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात अस्थींचे पाच प्रकार सांगितले आहेत : कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. रुचक म्हणजे दात. तरुण म्हणजे नाक-कान यांतील कोवळी, लवचीक हाडे. आज आपण त्यांना कूर्चा म्हणतो. वलय म्हणजे कड्यासारखी वाकलेली, नलक म्हणजे नळीसारखी. मटणाच्या रश्श्यातील ‘नळी’ आणि ग्रंथातील ‘नलक’ हे एकाच कुळातील शब्द होत. वेदवादी 360 अस्थी मानतात, परंतु शल्यतंत्रात 300 मानतात, असेही तेथे म्हटले आहे. आजचे शरीरशास्त्र प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणतः 206 हाडे मोजते. प्राचीन गणनेत दात व कूर्चा यांचाही समावेश असल्यामुळे आकडा मोठा दिसतो.

सुश्रुताने गुडघ्याचे हाड ‘कपाल’ वर्गात घातले आहे. कपाल म्हणजे खापरी किंवा वाडगा. लॅटिनमध्ये त्याच हाडाला ‘पटेला’ म्हणतात. त्याचा अर्थ लहान ताटली. आपण म्हणतो ‘गुडघ्याची वाटी’. तीन भाषांतील माणसांना एकाच हाडात स्वयंपाकघरातील भांडे दिसावे, ही मौजेची गोष्ट आहे. परंतु खुब्यातील ज्या खोलगट जागेत मांडीच्या हाडाचे डोके बसते, तिलाही बोलीत वाटीच म्हणतात. तिच्या लॅटिन नावाचा अर्थही शिरक्याची वाटी असाच आहे. परिणामी ‘आईची वाटी बदलली’ एवढेच ऐकून गुडघा बदलला की खुबा, हे घरच्यांना सांगता येत नाही. पुढे दुसऱ्या रुग्णालयात जाण्याची वेळ आली की हा प्रश्न उभा राहतोच.

अर्वाचीन काळात कविराज गणनाथ सेन यांनी ‘प्रत्यक्षशारीरम्’ या 1913 पासून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आधुनिक शरीररचनेला संस्कृत परिभाषा दिली. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध करून हे कार्य मराठीत पुढे नेले. या कोशांचे मोल मोठे आहे. तथापि कोशातील प्रत्येक शब्द रुग्णाच्या उशाशी चालतोच असे नाही. ‘अस्थी’ हा शब्द घ्या. ग्रंथात तो निर्मळ शास्त्रीय शब्द आहे; परंतु आपल्या घरांत तो अंत्यसंस्कारानंतरच उच्चारला जातो. ‘अस्थी गोळा करणे’, ‘अस्थी विसर्जित करणे’ हेच प्रयोग माणसांच्या कानांत बसलेले असतात. ‘अस्थिरोग विभाग’ ही पाटी पाहून दचकलेली वृद्ध माणसे आम्ही पाहिली आहेत. म्हणून आता त्या पाटीखाली ‘हाडांचा दवाखाना’ अशी ओळ मोठ्या अक्षरांत लिहिली आहे. ‘हाड’ हा शब्द ‘हाडाचा शेतकरी’ या प्रयोगातला, आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे.

मानेचे महत्त्व

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. हाड मोडले ते मानेत की मानेखाली, याला इतके महत्त्व कशासाठी?

याचे उत्तर रक्तपुरवठ्यात आहे. प्रौढ माणसात डोक्याकडे जाणाऱ्या बहुतेक रक्तवाहिन्या मानेच्या पृष्ठभागावरून, तिला चिकटून वर चढतात. मान मोडून तिचे तुकडे सरकले की या वाहिन्या ताणतात किंवा तुटतात. मग डोके जागेवर असूनही त्याला रक्त मिळत नाही आणि काही महिन्यांत ते झिजून ढासळू शकते. हा प्रकार मोडण्यावाचूनही घडू शकतो. कोविडच्या साथीत स्टेरॉइडचे उपचार घेतलेल्या काही रुग्णांमध्ये खुब्याच्या हाडाचे डोके निकामी झाल्याचे 2021 मध्ये मुंबईतील तज्ज्ञांनी निदर्शनास आणले होते, हे वाचकांना आठवत असेल.

मानेखाली, दोन उंचवट्यांच्या पट्ट्यात हाड मोडले तर स्थिती निराळी असते. तेथे रक्तपुरवठा विपुल असतो. त्यामुळे हाड जुळून येण्याची शक्यता चांगली असते, परंतु आत रक्तस्राव जास्त होतो. सांध्याच्या आवरणाच्या आत झालेला आणि बाहेर झालेला अस्थिभंग हे वेगळे मानले पाहिजेत, हे लंडनचे शल्यविशारद सर ॲस्टली कूपर यांनी 1822 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्पष्ट केले. दोनशे वर्षे लोटली तरी उपचाराची पहिली वाटणी आजही त्याच रेषेवर होते.

उपचाराचे स्वरूप थोडक्यात असे :

1. मान मोडली आहे, परंतु तुकडे सरकलेले नाहीत : लहान छेदातून स्क्रू घालून हाड जागेवर धरून ठेवतात. रुग्णाचे स्वतःचे डोके टिकण्याची चांगली आशा असते.

2. मान मोडून तुकडे सरकले आहेत व रुग्ण वृद्ध आहे : बहुधा डोके काढून त्या जागी धातूचा गोळा बसवितात, काही रुग्णांत पूर्ण सांधा बदलतात. रुग्ण तरुण असल्यास स्वतःचे डोके वाचविण्यासाठी तातडीने हाड जुळवितात.

3. हाड मानेखाली, उंचवट्यांच्या पट्ट्यात मोडले आहे : पट्टी व स्क्रू, किंवा हाडाच्या पोकळीत सळई घालून ते स्थिर करतात.

शेजारच्या खाटेवरील रुग्णाला स्क्रू आणि आमच्या आईला गोळा, असे का? एकाचे बिल कमी आणि दुसऱ्याचे जास्त का? हे प्रश्न आम्हांस वारंवार विचारले जातात. दोन्ही कागदांवर ‘खुब्याचे फ्रॅक्चर’ एवढेच लिहिले असेल तर विचारणाऱ्याचा संशय रास्तच म्हणावा लागेल. ‘मान’ आणि ‘मानेखाली’ हे दोन शब्द लिहिले असतील, तर हिशेब आपोआप उलगडतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांत किंवा मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ठरवून दिलेल्या पद्धतीनुसार धर्मादाय रुग्णालयांत राखलेल्या निर्धन रुग्ण निधीतून साहाय्य देताना आम्हांस निदान नेमके नोंदवावेच लागते. जो शब्द आमच्या नोंदवहीला लागतो, तो रुग्णाच्या घरालाही कळला पाहिजे, हा साधा न्याय आहे.

काही गैरसमज

‘मोडले नाही, नुसते फ्रॅक्चर आहे’ : हे वाक्य आम्ही जवळजवळ रोज ऐकतो. फ्रॅक्चर म्हणजेच हाड मोडणे. केसाएवढी चीर असली तरी ते मोडणेच होय. आणि खुब्याच्या मानेतील चीर चालण्याने सरकू शकते.

‘खुबा निखळला आहे, बसवून घेऊ’ : निखळणे आणि मोडणे या दोन गोष्टी आहेत. सुश्रुतानेही ‘संधिमुक्त’ व ‘काण्डभग्न’ असे दोन भेद केले असून पहिल्याचे सहा, दुसऱ्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. वृद्ध माणूस घरातल्या घरात पडून खुबा दुखू लागला, तर तो निखळण्यापेक्षा मोडल्याचीच शक्यता कितीतरी अधिक असते. अशा वेळी चोळणे व ओढणे अपायकारक ठरते.

‘दुखतो तो गुडघा’ : खुबा आणि गुडघा यांच्या संवेदना वाहणाऱ्या काही नसा समान आहेत. म्हणून खुब्याची दुखापत गुडघ्यात जाणवू शकते. आमच्या आजींचे तेच झाले होते.

‘चालता येते, म्हणजे मोडलेले नाही’ : तुकडे एकमेकांत रुतून बसले असतील तर रुग्ण काही दिवस लंगडत चालू शकतो. क्वचित पहिल्या एक्स-रेमध्ये चीर दिसतही नाही; दुखणे राहिल्यास एम.आर.आय. अथवा सी.टी. करावा लागतो.

‘हाडांच्या तपासणीत नेक लिहिले आहे, पण माझी मान दुखत नाही’ : हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कमरेचे मणके आणि मांडीच्या हाडाची मान या दोन जागा प्रामुख्याने पाहतात. अहवालातील ‘नेक’ ती हीच. तेथील टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याहून खाली असल्यास हाडे ठिसूळ झाली आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार मानले जाते. मान मोडण्यापूर्वी मिळालेली ती पूर्वसूचना समजावी.

घरच्यांनी काय करावे

वृद्ध व्यक्ती पडल्यानंतर खुबा, जांघ किंवा गुडघा दुखत असेल, पाय उचलता येत नसेल, पाय आखूड वा पाऊल बाहेर वळलेले दिसत असेल, तर चालवू नये. निजवूनच, दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून, रुग्णालयात आणावे. ताम्हिणीच्या बाजूच्या अथवा कोळवण खोऱ्यातील गावांतून येताना पावसाळ्यात वेळ लागतो हे आम्ही जाणतो; म्हणूनच निघण्यास उशीर होऊ नये. रुग्णाची प्रकृती योग्य असेल तर शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. दिवस वाढतील तसे अंथरुणाला खिळल्यामुळे न्यूमोनिया, पाठीवरील जखमा व रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढतो.

आणि डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : कोणते हाड मोडले? त्या हाडाचा कोणता भाग मोडला? तुकडे सरकले आहेत काय? ही विचारणा म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास, असे आमच्या रुग्णालयात कोणीही समजणार नाही.

आम्ही केलेले बदल

या प्रसंगानंतर हाडांच्या विभागातून घरी जाणाऱ्या प्रत्येक केसपेपरवर निदान मराठीत, पूर्ण शब्दांत लिहिण्याची पद्धत आम्ही सुरू केली. ‘उजव्या मांडीच्या हाडाची मान, खुब्याजवळ, मोडली आहे, पाय टेकवू नये’ असे वाक्य आता त्यावर असते. शेजारी सांगाड्याचे छोटे रेखाचित्र असून त्यावर परिचारिका लाल शाईने फुली मारतात. त्यामुळे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही जागा कळते. खुणा व आद्याक्षरे आमच्या अंतर्गत नोंदीपुरतीच राहिली आहेत. कागद देताना नातेवाइकांकडून तो एकदा वाचून किंवा सांगून घेतला जातो. या कामाला वेळ लागतो, छपाईचा थोडा खर्चही येतो. आमच्या दृष्टीने हा खर्च औषधाच्या खर्चाइतकाच आवश्यक आहे.

त्या आजींवर दुसऱ्या प्रकारची शस्त्रक्रिया झाली. पहिल्या दिवशी त्या आल्या तेव्हा हाडाचे तुकडे सरकले नव्हते. त्याच दिवशी उपचार झाले असते तर स्क्रूंवर निभावण्याचा पुष्कळ संभव होता. सहाव्या दिवशी तो उरला नाही. शस्त्रक्रियेचा वाढीव खर्च देणगीदारांच्या निधीतून भागविण्यात आला, ही गोष्ट आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु सर्वच नुकसान निधीतून भरून निघत नाही. बसविलेला गोळा निसटू नये म्हणून आजींना आता मांडी घालून किंवा उकिडवे बसण्याची मनाई आहे. काठी घेऊन त्या सावकाश चालतात, घरातली बसून करण्याची कामे खुर्चीवर बसून करतात. देवासमोर आणि पंगतीत मात्र जमिनीवर बसता येत नाही, ही खंत त्यांनी फेरतपासणीच्या वेळी बोलून दाखविली.

थोरल्या चिरंजीवांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आता देऊ शकतो : मान मांडीच्या हाडाची होती. हे उत्तर पहिल्याच दिवशी त्यांच्या हातातील कागदाने द्यावयास हवे होते.

आपल्या ओळखीच्या घरांत वडीलधारी माणसे असतील, तर हा लेख त्यांच्या मुलांना-सुनांना वाचावयास द्यावा, ही नम्र विनंती.  

आपले विनम्र,
व्यवस्थापन विभाग